उरलेलं कोण खातं?

बालवाडीच्या फाटकातून बाहेर आल्या आल्या जुईनं आईच्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, तुझी एक चप्पल कुठाय?"

ऋतुजानं खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती, डाव्या पायात नव्हती. चैत्र संपत आलेला, बारा वाजायला आलेले, बार्शीतला तो डांबरी रस्ता तव्यासारखा तापलेला, आणि तिचं डावं पाऊल उघडंच त्यावर टेकलेलं. तिनं मागे वळून पाहिलं. चप्पल रसवंतीच्या वळणावर पालथी पडली होती. म्हणजे शंभरेक पावलं ती तशीच चालत आली होती.

"गंमत केली," ती म्हणाली.

"ही गंमत नाही," चार वर्षांची जुई म्हणाली. "पाय भाजतो." आणि ती स्वतः पळत जाऊन चप्पल घेऊन आली, आईच्या पुढ्यात ठेवली आणि पाऊल आत जाईपर्यंत अंगठा धरून बसली.

घरी आल्यावर ऋतुजानं तळवा वर करून पाहिला. दोन फोड आले होते. तिनं एका फोडावर बोट ठेवलं. जाड गोधडीतून कुणी दुसऱ्याच्या पायाला हात लावावा, तसं वाटलं. मुंग्या तर पाच-सहा महिन्यांपासून येत होत्या. दिवसभर उभं राहून येत असतील, असं ती स्वतःला सांगत आली होती.

उभं राहण्याचंच तिचं काम होतं. ती अन्नदाताई होती. तीन वर्षांपूर्वी 'अन्नदा' यंत्र गावात आलं, तेव्हा कंपनीनं गल्लीगल्लीतून बायका निवडल्या. यंत्र घरात बसवायचं, शिकवायचं, आठवड्याला नळ्या भरायच्या. ऋतुजाकडे दोनशे बारा घरं होती.

यंत्र असायचं डाळीच्या डब्याएवढं. त्याच्या पोटात अठरा नळ्या: लोह, कॅल्शियम, झिंक, मॅग्नेशियम, सगळी जीवनसत्त्वं. घरातल्या प्रत्येकाच्या मनगटावर कपाळावरच्या टिकलीएवढी चकती चिकटवलेली. ती चकती पहाटे रक्ताचा अंदाज घ्यायची आणि यंत्राला कळवायची. सकाळी सातला यंत्र ज्याच्या त्याच्या वाटीत गरम पेज ओतायचं, ज्याला जे कमी ते तिच्यात मिसळून. ऋतुजाच्या घरी निळ्या काठाची वाटी नवऱ्याची, पिवळी सासूबाईंची, लाल जुईची आणि हिरवी तिची.

घरोघरी समजावताना ती एक गोष्ट नेहमी सांगायची, कारण ती तिला स्वतःला फार आवडली होती. "हे क्षार आपापसांत भांडतात, बरं का वहिनी. लोह आणि कॅल्शियम एका वेळी पोटात गेलं की दोघं एकाच दारातून आत शिरायला बघतात. कॅल्शियम लोहाला ढकलून देतं. म्हणून तर मेडिकलमधून गोळ्यांच्या बाटल्या आणून एकदम गिळायच्या नाहीत. आपलं यंत्र लोह सकाळी देतं, सोबत लोहाला हात देणारं क जीवनसत्त्व देतं, आणि कॅल्शियम संध्याकाळी. कुणाचं कुणाशी पटत नाही हे त्याला सगळं ठाऊक असतं."

बायका माना डोलवायच्या. घरात कुणाचं कुणाशी पटत नाही, हे ठाऊक असणाऱ्याचं मोल त्यांना कळत होतं.

खाऊन झालं की वाटी परत यंत्रात ठेवायची. यंत्र तिचं वजन करायचं. वाटी रिकामी असली की त्या माणसाच्या नावापुढे चांदणी लागायची. पेज उरलेली असली की यंत्र कुरकुरायचं, लहान बाळासारखं, थांबतच नसे. सोलापूरच्या शिबिरात साहेबांनी विचारलं होतं की लोकांना वाटी संपवायची सवय कशी लावायची. ऋतुजानं बसल्या जागी सांगितलं होतं, "रिकामी वाटी, भरलं घर." टाळ्या झाल्या. पुढच्या महिन्यापासून हे शब्द प्रत्येक यंत्राच्या तोंडावर छापून यायला लागले.

आणि तिच्या घरात सकाळी काय व्हायचं? प्रणव कारखान्याच्या बसमागे धावायचा, वाटीत चार घास टाकून जायचा. सासूबाईंच्या डोळ्यांचा पडदा झिजत चालला होता, म्हणून यंत्र त्यांना झिंक भरपूर द्यायचं. त्यानं तोंडाला पैसा चघळल्यासारखी चव यायची, म्हणून त्या निम्मी वाटी सारून म्हणायच्या, "बास बाई, भाकरीला जागा ठेवती." जुई तर तीन चमचे खाऊन ओठ मिटायची. मागून यंत्र कुरकुर लावायचं. मग ऋतुजा ओट्याशी उभ्या उभ्या निळी वाटी पुसून खायची, पिवळी पुसून खायची, लाल पुसून खायची. जुईची तर ती प्रेमानं खायची. त्या पेजेला जुईच्या तोंडाचा वास असायचा. अन्न टाकवत नाही. टाकायचं नसतं. तिची आई असंच खायची, आईची आईही. कुणी कधी हा घास घास म्हणून मोजलाच नाही.

चार चांदण्या लागायच्या. यंत्र गप्प व्हायचं.

चपलेनंतर आठ दिवसांनी ऋतुजा न्हाणीघरात तोंड धूत होती. साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून तिनं डोळे मिटले, आणि जमीन निघून गेली. ती सरळ मागे कोसळली. बादली लवंडली. दारातून जुई ओरडली, "आजी, आई पडली."

"काय झालं गं?" सासूबाई धावत आल्या.

"डोळे मिटले, आत्या. फक्त डोळे मिटले."

यंत्रानं तिचं रक्त कमी असल्याचं सांगितलं होतं, सहा महिने सांगत होतं. दर पंधरवड्याला तिच्या हिरव्या वाटीतलं लोह वाढवत होतं. रक्त काही वाढत नव्हतं.

सोलापूरच्या डॉक्टर रुक्साना बागवान मेंदू आणि मज्जातंतूंच्या तज्ज्ञ होत्या. पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी ऋतुजाला पावलं जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. ती डोलली. डॉक्टरांनी तिला खांद्यांना धरून ठेवलं. मग रक्त घेतलं, आणि दोन दिवसांनी परत बोलावलं.

"तुमच्या रक्तात तांबं जवळजवळ नाहीच," त्या म्हणाल्या. "आणि झिंक इतकं की मी तपासणी दोनदा करायला लावली. तुम्ही झिंकच्या गोळ्या घेता?"

"नाही मॅडम. माझ्या वाटीत झिंक नसतंच. यंत्र म्हणतं माझं झिंक भरपूर आहे, हिरवी खूण दाखवतं."

"भरपूर आहे, मग आलं कुठून, हे त्याला विचारावंसं वाटलं नाही?" डॉक्टरांनी कागद ओढला आणि त्यावर एक भिंत काढली. "ही आतड्याची भिंत. पोटात झिंक फार झालं की या भिंतीतल्या पेशी एक प्रथिन बनवतात, जास्तीच्या धातूला धरून ठेवायला. गंमत अशी की हे प्रथिन झिंकपेक्षा तांब्याला घट्ट धरतं. त्यामुळे जेवणातून येणारं तांबं भिंतीतच अडकतं. दोन-चार दिवसांनी ती पेशी गळून पडते आणि तांबं घेऊन शौचावाटे निघून जाते. रोज असं. वर्षभर असं. शरीराला तांबं लागतं कशाला? साठवलेलं लोह बाहेर काढायला. गोदामात ज्वारीची पोती थप्पीला लागलेली आहेत आणि किल्ली हरवलीय, अशी तुमची अवस्था. रक्त कमी दिसतं. यंत्र आणखी पोती आणून टाकतं."

"आणि पाय?"

"मज्जारज्जूची निगा राखायलाही तांबं लागतं. पाऊल कुठं पडलंय ही खबर तुमच्या मेंदूपर्यंत पोचत नाहीये. डोळे उघडे असले की तुम्ही बघून चालता. मिटले की पडता."

"बरं होईल?"

"रक्त दोन महिन्यांत सुधारेल. पायांचं मी वचन देत नाही. आहे तिथं थांबेल, थोडं परतही येईल कदाचित." डॉक्टरांनी तपासणीचा कागद पुन्हा पाहिला. "यंत्रात तांब्याची नळी नाही?"

"नाही. चकती तांबं मोजतही नाही. शिबिरात सांगितलं होतं, आपल्याकडे तांब्याची कमतरता आढळत नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "घरात चार वाट्या असतात म्हणालात. सगळ्या संपतात?"

"हो. रोज." ऋतुजा अभिमानानं म्हणाली, सवयीनं.

"उरलेलं कोण खातं?"

निळी वाटी. पिवळी. लाल. ऋतुजाला ओट्याशी उभी असलेली ती स्वतः दिसली, बोटानं काठ पुसणारी. एका वाटीतली भांडणं यंत्राला ठाऊक होती. चार वाट्या एकाच पोटात जातात हे कुणी त्याला शिकवलंच नव्हतं. उलट सासूबाईंची वाटी रिकामी आली तरी रक्तात झिंक वाढत नाही म्हणून ते त्यांचं झिंक वाढवत गेलं होतं, जुईचं वाढवत गेलं होतं. पेज जितकी कडवट झाली तितकी जास्त उरली, आणि जितकी जास्त उरली तितकी तिच्या पोटात गेली.

डॉक्टरांनी हिशेब मांडला. दिवसाला साठ मिलिग्रॅमच्या वर झिंक. बाईला लागतं आठ-दहा.

संध्याकाळी तिनं घरी हे सगळं सांगितलं. प्रणव ऐकून घेत होता, मग म्हणाला, "पण तुला खायला कुणी सांगितलं होतं?"

सात वर्षांच्या संसारात तिला इतका राग कधी आला नव्हता. तो डोक्यात चढला नाही. तो खाली उतरला, ज्या पायांत काही कळत नव्हतं त्यांत उतरला, आणि तिथं तिला तो स्पष्ट जाणवला.

"तुझी वाटी," ती म्हणाली, "आजपर्यंत यंत्रात तू एकदा तरी ठेवलीयस?"

प्रणव बाही दुमडू लागला.

"मी खाल्लेल्या उष्ट्याचं विचारतोयस ना? तुझंच होतं ते."

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या हळू म्हणाल्या, "मी बी जन्मभर खाल्लं गं. माझ्या सासूनं खाल्लं. पण आमच्या उरलेल्यात औषध नव्हतं." मग लेकाला म्हणाल्या, "ऊठ. जुईला भरव जा. आणि संपलं न्हाई तर तसंच ठेव."

ऋतुजानं कंपनीला कळवलं तेव्हा विभागाचे साहेब, सबनीस, स्वतः पुण्याहून आले. खुर्चीवर अवघडून बसले, पाणी प्याले, पायांची चौकशी केली. मग सहीसाठी टॅब पुढं सरकवला. "ताई, तुमचा इलाज कंपनी करेल. नोकरीही राहील. घरं फिरायला नकोत, सोलापुरात बसून काम देऊ. फक्त एवढी नोंद लागेल."

ऋतुजानं वाचलं. 'वापरकर्तीने सूचनांचे उल्लंघन करून अन्य सदस्यांच्या मात्रांचे सेवन केले.'

"उल्लंघन," ती म्हणाली.

"पुस्तिकेत आहे ना. पान चौदा. ज्याची मात्रा त्यानेच घ्यावी."

"चौदाव्या पानावर आहे, साहेब. यंत्राच्या तोंडावर काय आहे?"

सबनीसांनी ओट्यावरच्या यंत्राकडे पाहिलं. "ते तुमचंच वाक्य आहे, ताई."

बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत होती. ऋतुजानं यंत्रावरचे शब्द पुन्हा एकदा वाचले.

"हो," ऋतुजा म्हणाली. "माझंच. ते मी फेडीन. तुमचं तुम्ही बघा. वाटी रिकामी झाली म्हणजे ती त्या माणसाच्याच पोटात गेली, असं तुमच्या कुठल्या इंजिनिअरनं ठरवलं? त्याच्या घरी उरलेलं कोण खातं, त्यानं एकदा तरी बघितलं?"

"आम्ही दुरुस्ती करतोय. एकोणिसावी नळी येतेय, तांब्याची. चकतीही तांबं मोजेल."

"आणि विसावी?"

"विसावी कसली?"

"एकोणिसाव्या नळीचं उरलेलं खाऊन जे होईल, त्याची."

सबनीस पुढं बोलू लागले. पुढच्या महिन्यात अन्नदा राज्यभरातल्या बालवाड्यांत जाणार होतं. बार्शीचा आकडा त्यासाठी फार मोलाचा होता, शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वाट्या रिकाम्या. हे त्यांनी धमकी म्हणून सांगितलं नाही. काळजीनंच सांगितलं. ऋतुजाला मात्र डोळ्यांसमोर जुईची बालवाडी दिसली, चाळीस लाल वाट्या, आणि त्या पुसून खाणाऱ्या मदतनीस मावशी.

"सही करणार नाही," ती म्हणाली. "इलाज माझा मी करीन."

दुसऱ्या दिवशी तिनं सासऱ्यांची जुनी काठी काढली आणि घरं फिरायला निघाली. नळ्या भरायचं निमित्त होतंच. चालताना ती प्रत्येक पाऊल बघून टाकत होती. दारात जाऊन एकच विचारायची, "उरलेलं कोण खातं?"

पहिल्यांदा सगळ्या हसायच्या.

"आता टाकायचं का मग?" वर्षा डमरे म्हणाली.

"मांजर खातं आमचं," तबस्सुम म्हणाली, आणि तिच्या लेकीनं आतून सांगितलं, "मांजर म्हणजे अम्मीच, ताई."

"मी तर डाएटवर आहे," हायस्कुलातल्या कुलकर्णी बाई म्हणाल्या. "माझी स्वतःची वाटीसुद्धा अर्धीच खाते. पोरांचं काय, ते खाण्यात धरत नाही मी."

मग ऋतुजा त्यांना चपला काढून, पावलं जुळवून उभं राहायला सांगायची. "डोळे मिटा. मी धरलंय." ती त्यांच्या समोर उभी राहायची, दोन्ही हात पुढं करून. कितीतरी बायकांना तिनं आयुष्यात पहिल्यांदा अशी मिठी मारली. काही खांबासारख्या उभ्या राहिल्या आणि हसत सुटल्या. काही थरथरल्या. कुलकर्णी बाई सरळ तिच्या अंगावर आल्या. दोघीही पडल्या असत्या, दाराची चौकट पाठीला लागली म्हणून सावरल्या. बाईंनी डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मला वाटलं वय झालं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही अडतीसच्या आहात, बाई."

दोनशे बारा घरांना सोळा दिवस लागले. एकतीस जणी डोलल्या. त्या सगळ्यांना तिनं डॉक्टर बागवानांचा पत्ता दिला. आणि सगळ्यांनाच, डोललेल्या-न डोललेल्या दोनशे बाराजणींना, एक काम सांगितलं. सोमवारपासून ज्याच्या वाटीत जेवढं उरेल तेवढं तसंच यंत्रात ठेवायचं. बोट लावायचं नाही.

"ते ओरडेल ना पण," वर्षा म्हणाली. "पाव्हण्यारावळ्यात लाज काढतं मेलं."

"ओरडू दे. ते ओरडतं तेव्हा पुण्याला नोंद जाते. तीन वर्षं आपणच पुसून पुसून खोटी नोंद पाठवलीय. आता खरी जाऊ दे."

सोमवारी सकाळी सातला यंत्रानं चार वाट्या भरल्या. ऋतुजा पाटावर बसली होती. तीन वर्षांत सकाळी ती या वेळी बसलेली अशी पहिल्यांदाच. प्रणवनं घाईत चार घास खाल्ले, दारापर्यंत गेला, परत आला आणि निळी वाटी स्वतः उचलून यंत्रात ठेवली. यंत्र कुरकुरलं. त्यानं बायकोकडे पाहिलं. तो चप्पल घालून गेला. सासूबाईंनी अर्धी वाटी सारली, गुडघ्यावर हात देऊन उठल्या, आणि आपली पिवळी वाटी आपल्या हातानं नेऊन ठेवली. कुरकुर वाढली.

मग शेजारून दुसरी ऐकू आली. मग समोरच्या माडीवरून. मग मागच्या गल्लीतून, तबस्सुमच्या घरातून, डमऱ्यांच्या घरातून, एकीत एक मिसळत. चिंचेवरचे कावळे उडाले. सगळी गल्ली उपाशी बाळासारखी रडत होती, आणि एकही बाई उठत नव्हती. ऋतुजाच्या फोनवर सबनीसांचं नाव आलं. तिनं फोन पालथा घातला.

तिचे तळवे जमिनीवर टेकले होते. फरशी गार असणार. तिला कळलं नाही. आतून रागाची धग मात्र सरळ टाचांपर्यंत जात होती.

जुईनं तिसरा चमचा खाल्ला आणि ओठ मिटले. हात सवयीनं आईकडे आला, वाटी पुढं झाली. ऋतुजाचाही हात सवयीनंच उठला. पेज कोमट होती, काठावर जुईच्या ओठांचा ठसा होता. तिनं हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून धरला.

"आई, ते रडतंय."

"रडू दे."

"भूक लागलीय का त्याला?"

"असेल."

जुईनं यंत्राकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी लाल वाटी सांभाळत, न सांडता, ती ओट्यापाशी गेली, टाचा उंचावून उभी राहिली आणि वाटी आत सरकवली.

"घे," ती यंत्राला म्हणाली. "माझ्या आईला नको. तूच खा."